माहिती देणारी : शेजारीण

आक्का,

तू गेल्यापासून माझ्या तोंडात परत 'मी येतो', 'मी जातो' आलं आहे. परवा वॉर्डातून निघताना सहज 'येतो हं' म्हणाले, तर बरोबरची पुण्याची मुलगी चमकून बघायला लागली. आपल्या भागात बायकाही असंच बोलतात हे तिला कुठून ठाऊक असणार? मी तिला कधी सांगितलंच नव्हतं. दोन वर्षं हे बोलणं मी घासून घासून काढून टाकलं होतं, भांड्याच्या बुडाची काजळी काढावी तसं.

कोर्सला निवड झाली त्या आठवड्यात मी तुझ्याकडं आले होते. निघताना 'येते' म्हणाले. तू शेणानं भरलेले हात तसेच पुढं धरून दारात आलीस.

"येते? कुठल्या गावची झालीस गं?"

मला राग आला. पेशंटशी नीट भाषेत बोलावं लागतं, आतापासून सवय करते आहे, असं काहीतरी मी फणकाऱ्यानं म्हणाले.

"मग पेशंटसंगं बोल की नीट. मी काय पेशंट हाय व्हय?" म्हणालीस आणि हसत गोठ्याकडं गेलीस.

तू सहज बोललीस. मी तुला खरोखरच पेशंट करून टाकलं ते पुढच्या वर्षी.

आज तुला जाऊन सतरा दिवस झाले. तुझ्याबद्दल चांगलं लिहिणारे पुष्कळ आहेत. दाजींच्या भावकीनं फोटोखाली चार ओळी लिहून पाठवल्याच आहेत, 'कष्टाळू', 'प्रेमळ' वगैरे. ते सगळं खरं आहे. मला मात्र तुला एक गोष्ट सांगायची आहे जी तुला आधीच ठाऊक होती, आणि तुला ठाऊक होती हे मला ठाऊक नव्हतं. म्हणून हे लिहायला घेतलं.

आई गेली तेव्हा मी चार वर्षांची होते आणि तू नुकती सातवी पास झाली होतीस. आठवीची पुस्तकं कुणी आणलीच नाहीत. तू नऊ वर्षांनी मोठी, पण मला न्हाऊ घालण्यापासून निपाणीच्या कॉलेजात पोचवण्यापर्यंत सगळं तूच केलंस. मी शाळेत असतानाच तुझं लग्न झालं ते चिकोडी रस्त्यावरच्या घरात, जिथं सगळे कन्नड बोलतात. दोन वर्षांत तू अशी कन्नड शिकलीस की भांडणसुद्धा त्याच भाषेत करायचीस. मी मात्र दहा वर्षं शाळेत कन्नड शिकूनही दुकानदाराशी हिंदीत बोलणारी. आपल्या दोघींत हुशार मी आहे हे कुणी ठरवलं कोण जाणे. मीही ते कधी तपासून पाहिलं नाही. तपासायला शिकले ते थेट तुझ्यावर.

माझं शिक्षण नेमकं कशाचं हे तू सगळ्यांना फार छान सांगायचीस. "आमची पद्मी डोक्याच्या डाक्टरसंगं असती, पर गोळ्या देत न्हाय, बोलती." क्लिनिकल सायकॉलॉजीची याहून बरी व्याख्या मला अजून जमलेली नाही. बेळगावच्या हॉस्पिटलात पहिले तीन महिने मला वॉर्डात पाऊल टाकायची भीती वाटायची. एका बाईनं माझा हात धरून ठेवला होता, सोडेचना, आणि मी तिच्याआधी रडले. त्या संध्याकाळी तुला फोन करून म्हणाले, मी कोर्स सोडते. तू धार काढत होतीस. फोन खांद्याशी दाबलेला, खाली बादलीत दुधाच्या धारांचा आवाज. तू म्हणालीस, "रडून घे. मी ऐकाय लागलोय." बस, एवढंच. मी बोलत राहिले, तुझी धार चालू राहिली. म्हैस आटपेपर्यंत माझंही आटपलं होतं. पुढं आम्हाला ऐकण्याचं तंत्र म्हणून एक अख्खा विषय होता, समोरच्याला न तोडता, सल्ला न देता कसं ऐकायचं. मला त्यात वर्गात सगळ्यात जास्त मार्क मिळाले. ते कुणाकडून शिकले हे मी कुठंही सांगितलं नाही. या सगळ्याची सुरुवात तिथूनच झाली असावी.

आता ती संध्याकाळ.

आम्हाला ठरावीक संख्येनं बुद्धिमापन चाचण्या घेऊन त्यांचे अहवाल द्यावे लागतात. माझा एक अहवाल कमी पडत होता. दुसऱ्या दिवशी शेवटची तारीख. ज्या बाईंना बोलावलं होतं त्यांनी आयत्या वेळी नाही म्हटलं. आणि त्याच दिवशी तू शेंगदाण्याची चटणी आणि तूप घेऊन बेळगावातल्या शहापूर भागातल्या माझ्या खोलीवर आलीस. नात्यातल्या माणसाची चाचणी घ्यायची नाही हा आमच्याकडचा पहिला नियम. मी म्हटलं, आद्याक्षरं लिहायची, कुणाला कळतंय!

"मला काय यतंय त्यातलं?" तू म्हणालीस. पण खुश होतीस. पदर नीट करून खुर्चीत बसलीस, शाळेत बसावं तशी. मी वॉर्डातून यायलाच उशीर केला होता, त्यामुळं सुरू करायला पावणेपाच वाजले. दिवाळी तोंडावर आलेली, सहाला दिवस मावळायचा. तुझा डबा टेबलावर होता, भाकरी आणि मटकीची उसळ. माझ्याकडचं काही तुला चालत नाही म्हणून घरूनच आणला होतास. दिवस मावळायच्या आत जेवायचं, नंतर पाणीसुद्धा नाही. आपलं जैनाचं घर, तू लहानपणापासून हे पाळत आलीस. मीही पाळायचे, होस्टेलवर जाईपर्यंत.

चाचणीत आकडे ऐकून उलटे म्हणायचे असतात. मी मराठीत आकडे सांगितले, तू डोळे मिटून कन्नडमध्ये उलटे म्हणालीस, झटक्यात. मी म्हटलं, "मराठीत सांग." मग तू मनातल्या मनात एकेक आकडा फिरवायला लागलीस आणि शेवटचा निसटला. पुढच्या वेळी तसंच. मी चूक, चूक लिहीत गेले. मग दोन गोष्टींत काय सारखं आहे ते सांगायचं होतं. बैल आणि ट्रॅक्टर. तू जराही विचार न करता म्हणालीस, "दोन्ही आमच्या दारात न्हाईत." मी शून्य दिलं.

साडेपाचच्या सुमाराला तू खिडकीकडं बघितलंस. परत बघितलंस. माझी खिडकी पश्चिमेला. तू विचारलंस, "जरा थांबूया का गं? दोन घास खातो, मग परत बसतो."

मी म्हटलं, "मध्ये थांबता येत नाही आक्का. नियम आहे. झालंच, एकच राहिलंय."

असा नियम नव्हता. एका भागानंतर दुसरा सुरू करण्याआधी थांबलं तर चालतं, पुस्तकातच तसं लिहिलं आहे. आणि एक नव्हे, चार भाग राहिले होते. मला रात्री अहवाल लिहायचा होता आणि तुझ्या दोन घासांनी माझी पंधरा मिनिटं गेली असती.

उरलेल्या चार भागांत तू दर प्रश्नाला खिडकीकडं बघत होतीस. संपलं तेव्हा बाहेर दिवे लागले होते. तू डब्याचं झाकण परत घट्ट लावलंस. "असू दे. सकाळी खातो." मग माझा मेसचा डबा गरम करून मला वाढलास. त्यात बटाट्याची भाजी होती, जमिनीखालचं म्हणून तुला न चालणारी. मी जेवत होते आणि तू समोर बसून विचारत होतीस, "पास झालो का न्हाय?"

"यात पास-नापास नसतं."

"असतंय गं. तुझ्या तोंडावरनं कळाय लागलंय."

हा वाद आपला तिथंच राहिला. तू त्यानंतरही दोनदा विचारलंस, एकदा दिवाळीत आणि एकदा फोनवर. मी दोन्ही वेळा विषय बदलला.

गुण फार कमी आले. आमच्या भाषेत त्या पायरीला 'बॉर्डरलाइन' म्हणतात, म्हणजे जेमतेम, मंद बुद्धीच्या काठावर. मला ते खोटं आहे हे कळत होतं. तुला मी चोवीस वर्षं ओळखत होते! पण कागदावर आकडा होता, आणि आकडा खोडायचा तर भाषा, भूक, खिडकी, सगळं सांगावं लागलं असतं. मी अहवाल लिहिला. वर्तनाच्या रकान्यात लिहिलं, 'वारंवार खिडकीकडे पाहते. लक्ष टिकत नाही. अस्वस्थ.' प्रत्येक अहवालात आणखी एक रकाना असतो, माहिती देणारी व्यक्ती कोण, तिचं नातं काय आणि तिची माहिती कितपत भरवशाची. तुझी माहिती देणारी मीच होते, पण तिथं बहीण लिहिलं असतं तर मी पकडले गेले असते. मी लिहिलं, 'शेजारीण. माहिती विश्वासार्ह व पुरेशी.'

एवढ्यावर भागलं असतं तर मी ते कदाचित विसरूनही गेले असते. पण आम्हाला शिकवणाऱ्या मॅडमना ती केस आवडली. त्यांनी ती सगळ्यांसमोर मांडायला सांगितली. मी प्रोजेक्टरवर तुझी उत्तरं दाखवली. बैल आणि ट्रॅक्टर आलं तेव्हा वर्ग हसला. मीच आधी हसले होते, आक्का. लोकांनी कुठं हसायचं ते त्यांना कळावं म्हणून थोडं थांबले होते. मॅडम खिडकीच्या ओळीवर थांबल्या आणि म्हणाल्या, "गुड ऑब्झर्वेशन." मग त्यांनी विचारलं, इन्फॉर्मंट कोण?

"नेबर, मॅडम."

तेव्हा माझा आवाज अजिबात कापला नाही. हे मला आजही सहन होत नाही.

त्या दिवाळीत मी तुझ्याकडं आले तेव्हा तुझ्या श्रेयासाठी पाठकोऱ्या कागदांचा गठ्ठा आणला होता. दहावीच्या पोरीला गणितं करायला कागद किती लागतात! माझ्या कच्च्या छपाया, एका बाजूला कोऱ्या. चाळून बघायचं माझ्या मनातही आलं नाही. इंग्रजीत तर होतं सगळं. तुझ्या घरात इंग्रजी कोण वाचणार, असं मी धरून चालले असणार. श्रेया इंग्रजीत वर्गात पहिली येते हे मला तूच फोनवर सांगितलं होतंस, आणि मी 'वा वा' म्हणून दुसऱ्या फोनवर गेले होते.

दिवाळी झाल्यावर तुझे फोन बदलले. "काय शेजारीणबाई, कवा येताय?" असं तू सुरू केलंस. मला वाटलं, मी येत नाही म्हणून टोमणा मारतेस. मी चिडायचे. एकदा तर म्हणाले, "आक्का, मला कामं आहेत, सारखं काय टोचतेस?" तू हसलीस. "ऱ्हाऊ दे बाई. शेजारणीनं शेजारणीला इचारू बी नये व्हय?"

शेवटचा फोनसुद्धा तसाच. मंगळवारी सकाळी. तुला तीन दिवस ताप होता हे तू सांगितलं नाहीस, मी विचारलं नाही. माणसांच्या आवाजातले बदल ऐकायला मी दोन वर्षं शिकते आहे. तू विचारलंस, "शेजारीणबाई, जेवलीस का?" मी म्हणाले, नंतर करते फोन. गुरुवारी दाजींनी तुला निपाणीला नेलं, तिथून बेळगावला धाडलं, आणि संकेश्वरच्या पुढं तू गाडीतच गेलीस. मी हॉस्पिटलच्या दारात स्ट्रेचर घेऊन उभी होते.

भेटायला येणारी माणसं कमी झाली तेव्हा श्रेया माझ्याजवळ येऊन बसली. तिच्या हातात तो गठ्ठा होता. एका पानावर तिची समीकरणं होती. तिनं पान उलटलं.

"मावशी, हे आईचंच हाय न्हवं?"

आद्याक्षरं तुझी. सातवी शिक्षण, एक मुलगी, दोन म्हशी, चिकोडी तालुका. पुढचं तिनंच सांगितलं. दिवाळीनंतरच्या आठवड्यात तिनं हे पान तुला वाचून दाखवलं होतं, एकेक ओळ मराठी करून. 'बॉर्डरलाइन' आलं तेव्हा तू विचारलंस, म्हंजे काय? तिला नीट ठाऊक नव्हतं. ती म्हणाली, सीमेवरची. आणि तू खो खो हसलीस म्हणे. "मग बराबर लिव्हलंय की! निपाणीची न्हवं का आपण!"

मग खिडकीची ओळ आली. श्रेया म्हणाली, तेव्हा तू हसली नाहीस. म्हणालीस, "व्हय. बघतच हुतो. खरंच लिव्हलंय तिनं."

'शेजारीण' हा शब्द तू तिला दोनदा वाचायला लावलास.

"फोन करून इचारू का मावशीला, म्हणून मी इचारलं," श्रेया म्हणाली. "तर आई म्हणाली, नको. तिची परीक्षा हाय. उगंच मनाला लावून घील."

आक्का, माझा तुझ्यावर राग आहे, तो इथं सांगून टाकते. तू भांडायचं होतंस. कन्नडमध्ये भांडायचं होतंस, शेजारपाजार गोळा होईल असं. मला वॉर्डात येऊन सगळ्यांसमोर विचारायचं होतंस, की कुठल्या गावची शेजारीण तू? त्याऐवजी सात महिने तू मला हाक मारत राहिलीस, माझ्याच शब्दानं. मी एकदा जरी विचारलं असतं, आक्का, शेजारीण का म्हणतेस, तर सगळं निघालं असतं. वाट पाहत होतीस ना तू? मला तसं वाटतं. की ते नुसतं चिडवणं होतं, आणि तू मला केव्हाच माफ करून मोकळी झाली होतीस? दुसरं खरं असेल तर मला आणखीच लाज वाटते. आणि हे आता कुणाला विचारायचं ते कळत नाही.

परवा मी मॅडमकडं गेले. सगळं सांगितलं. नातं, कन्नड आकडे, डबा, नसलेला नियम. त्यांनी मध्ये एकदाही तोडलं नाही. मग विचारलं, "डबा तिथंच होता?" मी म्हटलं, "टेबलावर. तिच्या हाताशी." त्या बराच वेळ पेनाचं टोपण काढत-लावत राहिल्या. ही केस रद्द, म्हणाल्या. नियमाप्रमाणं यंदाच्या परीक्षेला मला बसता येणार नाही, सहा महिने जादा काढावे लागतील, आणि वर्गासमोर उभं राहून हे परत सांगावं लागेल. मी हो म्हटलं. दाराशी पोचले तेव्हा त्या म्हणाल्या, "तो अहवाल पुन्हा लिही. फायलीत लागणार नाही. तरी लिही."

काल दुपारी लिहायला बसले. मराठीत लिहिला, म्हणजे श्रेयाला कुणासाठी भाषांतर करावं लागणार नाही. नाव पूर्ण लिहिलं. शिक्षणापुढं लिहिलं, 'सातवी. पुढे धाकट्या बहिणीला सांभाळण्यासाठी सोडले.' वर्तनात लिहिलं, 'खिडकीकडे पाहत होती. दिवस मावळत होता आणि तिला त्याआधी जेवायचे होते. तिने एकदा विचारले. परीक्षकाने खोटे सांगितले. ती उपाशी राहून शेवटपर्यंत उत्तरे देत होती.' आकड्यांच्या भागात लिहिलं, 'कन्नडमध्ये सर्व बरोबर.' बैल-ट्रॅक्टरचं उत्तर होतं तसं ठेवलं आणि कुणी हसू नये म्हणून पुढं काही लिहिलं नाही. गुणांच्या जागी लिहिलं, 'या चाचणीवरून सांगता येत नाही.' तू तीनदा विचारलेल्या प्रश्नाचं एवढंच उत्तर माझ्याकडं आहे. कमी आहे, पण खरं आहे.

मग माहिती देणाऱ्या व्यक्तीचा रकाना आला. तिथं 'धाकटी बहीण' लिहिलं. त्याच्यापुढचं वाक्य आम्ही इतक्या वेळा लिहितो की हात आपोआपच ते लिहून गेला, 'माहिती विश्वासार्ह व पुरेशी'. मी परत वाचलं आणि 'विश्वासार्ह' खोडलं. थोड्या वेळानं 'पुरेशी'सुद्धा खोडलं.

धाकटी बहीण तेवढं राहू दिलं.